तारीख कोण मागतं?

ओव्हाळ मॅडमना कुठलीही गोष्ट सांगायची म्हणजे आधी स्वतःची तयारी लागायची. "आज कॅन्टीनमधले वडे संपले" एवढं साधं म्हटलं तरी त्या मान वर न करता विचारायच्या, "तुम्ही बघितलंत, की कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं असेल तर कोणी, त्याने तरी बघितलं का, की त्यालाही कोणी सांगितलं? एवढं होईपर्यंत वडे खरोखरच संपलेले असायचे. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचं निम्मं बोलणं ऐकीव बातम्यांवर चालतं, त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षाच होती. ती मी बरीच वर्षं भोगली, आणि आता सांगायला हरकत नाही, मजेत भोगली.

कल्याणच्या एका संध्याकाळच्या लॉ कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो. मी करार कायदा, त्या कौटुंबिक कायदा. दिवसभर नोकरी करून, एमआयडीसीतली शिफ्ट संपवून, कुठल्यातरी दुकानाचं शटर ओढून आलेले विद्यार्थी समोर असायचे. आम्हा दोघांना मिळून एक खोली होती आणि मध्ये एक गोदरेजचं कपाट उभं करून तिच्या दोन केबिन केलेल्या होत्या. कपाटाचं तोंड मॅडमच्या बाजूला, पाठ माझ्या बाजूला. त्यामुळे मला त्या दिसायच्या कमी आणि ऐकू जास्त यायच्या.

सुनंदा ओव्हाळ वालधुनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. वडील यार्डात कामाला होते. इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पायात शाळकरी मुलींसारख्या पट्ट्याच्या चपला. चौदा एप्रिल सोडला तर त्यांनी आपणहून रजा घेतल्याचं मला आठवत नाही. बुधवारी डब्यात सुका बोंबील असायचा आणि त्याचा वास कपाट ओलांडून माझ्याकडे यायचा. प्राचार्यांनी एकदा त्याबद्दल कुरकुर केली, तर मॅडमनी शांतपणे विचारलं की असा नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा. नियम नव्हता. पुढच्या बुधवारी त्यांनी डबा जरा मोठा आणला आणि निम्मा माझ्याकडे सरकवला.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत "सर्वश्रुत आहे की" असे शब्द दिसले की त्यावर हिरव्या शाईची आडवी रेघ पडायची. 'सर्व' म्हणजे कोण, असा प्रश्न बाजूला लिहिलेला असायचा. स्टेशनबाहेरचे रिक्षावालेसुद्धा त्यांना ओळखून होते. शेअर रिक्षाच्या एका ड्रायव्हरने एकदा जास्त पैसे मागितले आणि वर म्हणाला की सगळ्या लायनीत भाडं वाढलंय. मॅडम उतरल्या आणि उभ्या असलेल्या प्रत्येक रिक्षाला विचारत रांगेच्या टोकापर्यंत गेल्या. मागच्या सीटवर आम्ही दोघं-तिघं घड्याळाकडे बघत बसलेलो. परत येऊन त्या म्हणाल्या, "फक्त यांचंच वाढलंय." त्यानंतर तो ड्रायव्हर त्यांना बघितलं की रिक्षा पुसायला लागायचा.

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. पण असा स्वभाव माणसाला एक दिवस अडचणीत आणतोच. मॅडमच्या बाबतीत सुरुवात बार रूममधल्या चहापासून झाली.

आमच्या भागातल्या एका कोर्टात आम्ही विद्यार्थ्यांना कामकाज दाखवायला घेऊन गेलो होतो. कुठलं कोर्ट ते सांगत नाही, कारण मॅडमनी आपल्या अहवालातही ते सांगितलेलं नाही. चहा पिताना वकील मंडळी पोटगीच्या केसेसबद्दल बोलत होती. नवऱ्याने टाकलेली बाई पोटगीसाठी अर्ज करते आणि निकाल लागेपर्यंत मुलं मोठी होतात, हे सगळे मान्य करत होते. पण उशीर का होतो यावर सगळ्यांचं उत्तर एकच होतं. बायकाच तारखा मागतात, आज वकील नाही, उद्या कागद नाहीत, परवा आईकडे गेलेली. मीसुद्धा मान डोलावली, कारण मीही तेच ऐकत आलो होतो. मॅडमनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे कोणी मोजलंय?"

कोणीही मोजलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी मोजायचं ठरवलं. ठाण्यातल्या महिलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने खर्च उचलला, आमच्या कॉलेजातले काही विद्यार्थी कामाला लागले, आणि त्या अभ्यासाला मॅडमनी जे नाव दिलं ते कुठल्याही विद्यापीठाला शोभलं नसतं. 'तारीख कोण मागतं?' एवढंच.

काम सुरू करण्याआधी त्यांनी एक अजब गोष्ट केली. ज्याचा ज्याचा या विषयाशी संबंध होता त्या प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं की उत्तर काय येईल असं तुम्हाला वाटतं ते लिहा, खाली सही करा. या चिठ्ठ्या त्यांनी कॉलेजच्या काचेच्या नोटीस बोर्डात, टाइमटेबलच्या शेजारी, लावून टाकल्या. आकडे आले की प्रत्येकाला वाटतं आपल्याला हे माहीतच होतं, म्हणून आधी भिंतीवर बोला आणि मग मोजा, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांनी लिहिलं की कोर्टात कर्मचारी कमी आहेत. मी लिहिलं की बायकाच तारखा मागतात. खुद्द मॅडमनी लिहिलं की न्यायाधीश रजेवर असतात म्हणून तारखा पडतात.

आम्ही सगळे चुकलो. सगळ्यात जास्त तारखा नवऱ्याच्या बाजूने मागितलेल्या निघाल्या. मॅडमनी स्वतःच्या चिठ्ठीखाली हिरव्या शाईने 'चूक' असं लिहून पुन्हा सही केली आणि ती तशीच लावून ठेवली. विद्यार्थ्यांनी त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. मी गोड बोलून माझी चिठ्ठी काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "राहू दे, साटम. तुमच्यामुळे मला चुकल्याचं फारसं वाईट वाटत नाही."

पण त्याहून मोठी चूक पुढे सापडली. कोर्टात त्या दिवशी त्या केसमध्ये काय झालं याची दोन-चार ओळींची नोंद असते, तिला रोजनामा म्हणतात. आमचे विद्यार्थी रोजनामे वाचून तारीख कोणामुळे पडली ते लिहीत होते. 'अर्जदारातर्फे कोणी हजर नाही' असं दिसलं की ते बाईच्या खात्यावर मांडायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. पहिला कच्चा अहवाल तसाच गेला, वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली. मग एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं की त्यातले काही दिवस तर वकिलांच्या कामबंद आंदोलनाचे होते. वकीलच कोर्टात गेले नव्हते. बाई बिचारी सकाळी येऊन, वकिलाने बाहेरच घरी जा म्हटल्यावर परत गेलेली. कागदावर मात्र ती गैरहजर, आणि आम्हीही तिला गैरहजर धरून मोकळे झालेलो.

संस्थेच्या संचालक बाई म्हणाल्या की अंतिम अहवालात गुपचूप दुरुस्त करा, कोणाला कळतंय. शिवाय दुरुस्तीने आकडे बायकांच्या बाजूने झुकत होते. आधी एक सांगितलं आणि मग आपल्या सोयीचं बदललं, असं विरोधक म्हणणार हे उघड होतं. मॅडमना हेच कारण उलट्या बाजूने पटलं. दुरुस्ती आपल्या सोयीची असेल तर ती जास्त मोठ्याने सांगितली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. अंतिम अहवालाचं पहिलं पान, प्रस्तावनेच्याही आधी, 'इथे आम्ही चुकलो' असं होतं. जुनी मोजणी, नवी मोजणी, कारण, सगळं. संचालक बाईंनी ते पान बघून कपाळाला हात लावला. त्यांनी निदान ते शेवटी टाका म्हणून विनवलं, तर मॅडम म्हणाल्या की शेवटच्या पानापर्यंत कोणीच जात नाही, म्हणून तर लोक तिथे कबुली देतात.

आणि एवढ्यावर न थांबता त्या अहवाल छापायच्या आधी सगळी मोजणी पेन ड्राइव्हमध्ये घालून भोईर वकिलांकडे गेल्या.

भोईर वकील हे डोंबिवलीजवळच्या गावातले आगरी गृहस्थ. वडिलांची भातशेती होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. भोईर नवऱ्यांच्या बाजूने केसेस चालवण्यात नाव काढलेले, आणि बायकाच तारखा मागतात हे बार रूममध्ये सगळ्यात ठासून सांगणारे तेच. त्या दिवशी मी मॅडमबरोबर होतो. भोईरांनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, मी तुमच्या विरुद्ध आहे हां. नंतर बोलू नका, सांगितलं नाय म्हणून."

"म्हणूनच तुमच्याकडे आले," मॅडम म्हणाल्या. "माझ्या बाजूचे लोक चुका शोधत नाहीत."

भोईरांनी खरंच मनावर घेतलं. कॉलेजातल्या मुलांना चुकीचं ठरवायची संधी कोण सोडणार? बरेच दिवस लावून त्यांनी कागदावर लाल खुणा करून आणल्या. काही खुणा नुसत्या वादाच्या होत्या, काही मात्र खऱ्या चुका होत्या. मॅडमनी त्या दुरुस्त केल्या आणि 'इथे आम्ही चुकलो' या पानावर भोईर वकिलांचं नाव घेऊन आभार मानले. यावर ते भयंकर चिडले. बार रूममध्ये त्यांना लोक मॅडमचे असिस्टंट म्हणायला लागले होते.

रोजनाम्यावरून तारीख कोण मागतं ते कळत होतं, का मागतं ते कळत नव्हतं. म्हणून मॅडमनी अहवालाचा दुसरा भाग केला, तो बायकांच्या मुलाखतींचा. त्या मुलाखती त्यांनी स्वतः घेतल्या, कधी कोर्टाच्या जिन्यात, कधी बाईच्या घरी जाऊन. बायका जे सांगत होत्या ते सगळीकडे सारखं होतं. कोर्टाचा शिपाई केसचं नाव पुकारण्याआधी नवऱ्याचा वकील व्हरांड्यात येऊन बाईशी बोलतो. थोडी रक्कम एकदम घे आणि केस काढून टाक, असं सांगतो. बाई नाही म्हणाली की आत जाऊन तारीख मागितली जाते. पुढच्या तारखेला तेच. तारीख हा उशीर नव्हता, तो दाबण्याचा प्रकार होता. अहवालाचा जीव त्या भागात होता.

या बायकांपैकी एक टिटवाळ्याची होती. एकदा तिच्याकडे जाताना मॅडम मलाही घेऊन गेल्या, कारण त्या नव्या वस्तीत रस्ते मला माहीत होते. मी खाली थांबलो. वरून परत आल्यावर मॅडमनी एवढंच सांगितलं की ती सासूच्याच बिल्डिंगमध्ये, दिराच्या नावावरच्या खोलीत राहते. तिने विचारलं होतं की माझं नाव कुठे आलं तर मला खोली सोडावी लागेल, येणार का? मॅडम नाही म्हणाल्या होत्या. सगळ्याच बायकांना तसा शब्द दिलेला होता. नावं, केस नंबर, पत्ते, हे सगळं त्यांनी अहवालापासून दूर ठेवलं.

अहवाल एका समितीपुढे मांडायचा ठरला. पोटगीच्या केसेसमध्ये तारखांना लगाम घालण्याची शिफारस ही समिती करणार होती. मॅडमच्या अहवालाचं वजन पडलं तर शिफारस होणार, नाही पडलं तर नाही, इतकं ते सरळ होतं. कल्याणच्या एका हॉलमध्ये सभा झाली. मॅडम बोलल्या, पडद्यावर तक्ते दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग भोईर वकील उठले.

"रोजनाम्याचं मी स्वतः तपासलंय," ते म्हणाले. "ते बरोबर आहे. मला आवडत नाय, पण बरोबर आहे. आता हा दुसरा भाग. यात आमच्यासारख्या वकिलांवर आरोप आहे. यातल्या एका तरी बाईला मला भेटता येईल का? नाय. नाव नाय, गाव नाय, केस नंबर नाय. मग मी तपासू कसं? मॅडम, तुम्हीच विचारता ना सगळ्यांना, बघितलं की कोणी सांगितलं? मी आज तुम्हाला तेच विचारतो."

मला भोईरांचा संताप आला, आणि ते बरोबर बोलताहेत म्हणून जास्त आला. समितीच्या अध्यक्षांनी मध्यम मार्ग काढला. नावं सीलबंद लिफाफ्यात समितीकडे द्यावीत, समिती खात्री करून घेईल, बाहेर काही जाणार नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या व्यवसायात सीलबंद लिफाफा म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं.

मॅडम उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "लिफाफा उघडायचा नसता तर तो तुम्ही मागितला नसता. तो मी देणार नाही." मग भोईरांकडे वळून म्हणाल्या, "वकीलसाहेब बरोबर बोलताहेत. जे तुम्हाला तपासता येत नाही ते माझ्या शब्दावर खरं माना, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणू दिलं नाही. हा भाग मी मागे घेते."

आणि त्यांनी समोरच्या प्रतीतून तो भाग काढून अध्यक्षांच्या हातात उरलेला अहवाल दिला. पुढचे कित्येक दिवस आमच्या कपाटाच्या पलीकडे माणसं येऊन भांडत होती. संचालक बाई रडकुंडीला आल्या होत्या. आपल्या हातात खरं आहे आणि तुम्ही तेच टाकून देता, असं त्या म्हणत होत्या. मॅडम म्हणाल्या की खरं आहे हे मला माहीत आहे, पण त्यांना ते कसं माहीत असणार? प्राचार्य दार लावून हळू आवाजात सांगत होते की अध्यक्षांना खाजगीत दोन-चार नावं देऊन टाका, कॉलेजचं नाव राहील. यावर मॅडमनी दार उघडलं आणि त्यांना तेच वाक्य जरा मोठ्याने बोलायला सांगितलं. प्राचार्य निघून गेले.

मीही भांडलो. जगात याच्या निम्म्यानेही काळजी न घेता लोक वाट्टेल ते छापतात आणि त्यावर धोरणं ठरतात, तुम्हालाच एवढं सोवळं कशाला, असं मी कपाटावर थाप मारून विचारलं. त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "साटम, आमच्या लोकांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या काय काय ठाऊक होतं लोकांना. कोणी बघितलं नव्हतं, कोणी तपासलं नव्हतं, फक्त सगळ्यांना ठाऊक होतं. आता माझ्या हातात कागद आला म्हणून मीही तेच करू?"

इतकी वर्षं त्या विचारत असलेला प्रश्न मला विक्षिप्तपणा वाटत आला होता. त्या दिवशी त्यामागचा राग दिसला आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरत नाही.

मग एका संध्याकाळी टिटवाळ्याची बाई कॉलेजात आली. तो भाग मागे घेतल्याचं तिला कुठूनतरी कळलं होतं. लेक्चर सुरू व्हायचं होतं, मी खडू शोधत होतो. ती मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, "लिहा माझं नाव. काय व्हायचं ते होऊ दे."

मॅडमनी तिला बसवलं. त्यांनी समजावलं की एक नाव दिलं की उरलेल्यांची नावं शोधणं सोपं होतं. त्या कोर्टात टिटवाळ्याच्या आणखी किती जणी असणार, आणि त्यांनी तर हो म्हटलेलं नाही. शिवाय तू आज रागाने आली आहेस, उद्या खोली गेली तर राग उपयोगाचा नाही. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला सांगितलं ते कुठेच नाही. मग मी बोलले कशाला, मॅडम?"

ती गेल्यावर लेक्चर मी घेतलं. परत आलो तेव्हा त्यांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. मी बॅग उचलली तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या की तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि तिला विचारल्याशिवाय कोणालाही बघता येईल अशी काहीतरी वाट असली पाहिजे.

समितीने अहवाल 'अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवला. तारखांबद्दल शिफारस झाली नाही. एका स्थानिक पेपरने अहवाल मागे घेतल्याची बातमी दिली, त्यात मागे घेतलेला भाग कोणता आणि का, हे नव्हतं. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. शाल, नारळ, प्राचार्यांचं लांबलचक भाषण. त्यात मॅडमच्या 'प्रामाणिकपणाचा' उल्लेख झाला तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या मला विचारलं की यांनी कुठे बघितला. कपाट भिंतीला लावून टाकलं आणि सगळी खोली मला मिळाली. ती मला मुळीच आवडली नाही.

त्यानंतर मी शिकवणं सोडून पूर्ण वेळ वकिली सुरू केली. एक दिवस कामानिमित्त अहवालातल्या त्याच कोर्टात गेलो. बार रूमच्या दारावर, टायपिंगवाल्यांच्या जाहिरातींच्या मधोमध, एक कागद डकवलेला होता. अक्षर ओळखीचं, शाई हिरवी. 'या कोर्टात पोटगीच्या केसेसमध्ये तारीख कोण मागतं, आणि पुकाऱ्याआधी व्हरांड्यात अर्जदाराशी कोण बोलतं, हे मी रोज मोजते आहे. ज्यांना माझी मोजणी खोटी वाटते त्यांनी शेजारी येऊन बसावं आणि स्वतः मोजावं. सुनंदा ओव्हाळ.'

कोर्टाच्या शिपायाने मला सगळं सांगितलं. सुरुवातीला त्यांना मागच्या बाकावर लिहीत बसलेलं बघून हटकलं होतं. त्यांनी विचारलं की कोर्ट सगळ्यांसाठी उघडं आहे की नाही, आणि बसून बघायला बंदी असेल तर नियम दाखवा. नियम कोणाला सापडला नाही. न्यायाधीशांनी एकदा चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची केस घेतली. तेव्हापासून त्या रोज येतात. नाव कोणाचंच लिहीत नाहीत, त्यांना नावाची गरजच उरलेली नाही. बाई कोण आहे हे माहीत नसलं तरी व्हरांड्यात तिच्याशी कोण बोलायला गेलं ते कोणालाही दिसतं.

"आणि शेजारी कोणी येऊन बसतं का?" मी विचारलं.

शिपायाने आत बोट दाखवलं. मागच्या बाकाच्या एका टोकाला मॅडम होत्या, गुडघ्यावर पॅड घेऊन. दुसऱ्या टोकाला काळ्या कोटातले भोईर वकील, त्यांच्याही गुडघ्यावर कागद. आपली केस नसेल तेव्हा तिथे बसायचं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. मॅडमची मोजणी खोटी पाडायलाच ते पहिल्या दिवशी बसले होते. जेवणाच्या सुट्टीत दोघं कागद समोरासमोर ठेवून वाद घालतात आणि कुठे जुळत नसेल तिथे दोघंही त्या दिवशीचा रोजनामा बघायला जातात.

मी आत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मॅडमनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, कारण त्या कामात होत्या. इतक्यात भोईर उठून बाहेर गेले. पुढची केस त्यांची होती. दारातून मला व्हरांडा दिसत होता. फिकट ओढणी घेतलेली एक तरुण बाई भिंतीशी उभी होती. भोईर तिच्याजवळ गेले आणि काहीतरी बोलले. बाईने मान हलवून नाही म्हटलं. मॅडमनी मान वळवून ते पाहिलं आणि पॅडवर लिहिलं.

पुकारा झाला. बाई आत येऊन उभी राहिली. भोईर म्हणाले, "साहेब, सामनेवाले आजारी आहेत. तारीख मिळावी." सामनेवाले म्हणजे तिचा नवरा. तारीख मिळाली. बाईने ती एका चिठ्ठीवर लिहून घेतली, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ती बाहेर गेली.

भोईर परत येऊन आपल्या जागेवर बसले. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि नुसतेच बसून राहिले. मॅडम त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या समोर, न्यायाधीशांच्या टेबलाकडे बघत होत्या. मग भोईरांनी कागदावर 'व्हरांड्यात बोलले' या रकान्यात एक रेघ ओढली, 'सामनेवाल्याने तारीख मागितली' या रकान्यात दुसरी रेघ ओढली आणि कागद बाकावरून मॅडमकडे सरकवला.

मॅडमनी तो आपल्या कागदाशेजारी धरून पाहिला.

"जुळलं," त्या म्हणाल्या, आणि कागद परत दिला. शिपायाने पुढचा पुकारा केला.